दगडातली सवाष्ण

माझं काम नेमकं काय, हे घरच्यांना समजावून सांगणं मला कधीच जमलेलं नाही. पडक्या चर्चचा एकेक दगड मोजायचा, कागदावर उतरवायचा, कुठला झिजला, कुठला फुटला, कुठे पाणी मुरतंय ते लिहायचं आणि पुढच्या हिवाळ्यात तो कुणाच्या डोक्यात पडणार नाही अशी व्यवस्था करायची. पुण्यात आर्किटेक्ट झाले, जुन्या इमारतींच्या जतनाचं शिकायला डब्लिनला आले आणि मग इथेच राहिले. आईला फोनवर सोपं करून सांगितलं होतं की मी इथली जुनी देवळं सांभाळते. त्यावर तिने विचारलं होतं, मग पूजा कोण करतं? कुणीच नाही म्हटल्यावर तिला माझ्या नोकरीची काळजीच वाटायला लागली.

ताई गेली त्या वर्षी मी आईला माझ्याकडे आणलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला कऱ्हाडलाच दिलेली, आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. एका सकाळी ओट्याशी चहा करता करता ती खाली बसली आणि पुन्हा उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी मिळेल ते विमान पकडून निघाले, पण उन्हाळ्याचे दिवस होते, किती वेळ ठेवणार? मुंबईला उतरले तेव्हा सगळं उरकलं होतं. कऱ्हाडला पोचले तर ताईच्या घरात एक दिवा तेवत होता आणि त्याच्या पलीकडे भिंतीला टेकून आई बसली होती.

मी तिला विचारलं, कशी दिसत होती? आई म्हणाली, निजल्यावानी. तेवढंच. पुढे तेराव्यापर्यंत आणि नंतरही तिने त्या सकाळबद्दल अवाक्षर काढलं नाही. हिरवी साडी नेसवली होती, गजरा घातला होता, असं बाकीच्या बायकांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पण मला ते आईकडून ऐकायचं होतं. मी नव्हते त्या खोलीत, ती होती. तिने सांगितलं असतं तर मीही तिथे होते असं मला पुढे कधीतरी वाटू शकलं असतं. शिवाय तिने काहीतरी गिळून ठेवलंय आणि ते तिला आतून खातंय, हे मला दिसत होतं. ती रडली नव्हती. दूधवाल्याचं बोलायची, गॅसच्या नंबराचं बोलायची, थोरलीचा विषय निघाला की उठून आत जायची.

डब्लिनच्या कडेला ओंगारच्या आमच्या वसाहतीत सगळी घरं एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. नवरा सकाळीच बॉल्सब्रिजच्या ऑफिसला जायचा, मी साइटवर. आई खिडकीत बसून रस्त्याकडे बघायची आणि संध्याकाळी मला विचारायची, हितली माणसं गेली कुठं सगळी? थोड्या दिवसांनी मला स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये तिच्यासाठी करून ठेवलेल्या पोळ्या सापडल्या, फडक्यात गुंडाळलेल्या, तशाच. प्रेस म्हणजे कपाट. इथे सगळे तेच म्हणतात, आता माझ्याही तोंडात बसलंय. त्या पोळ्या बघून मी भडकले, मग मलाच रडू आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी आईला कामावर न्यायला लागले.

आमच्या ऑफिसच्या प्रमुख बाई साठीच्या आहेत. इथे साहेबालाही नावाने हाक मारतात, पण घरी आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो. मोठ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ग्रँड, आण की. अट एकच, परांचीवर चढायचं नाही आणि कशालाही हात लावायचा नाही. ती अट मी आईला गाडीतच सांगितली. तिने मान हलवली.

तेव्हा आमचं काम किल्केनीच्या अलीकडच्या एका लहान गावात चाललं होतं. चर्च सहाएकशे वर्षांपूर्वीचं. लोक बसायचे त्या लांब भागावर आता छप्पर नाही, वर आभाळ आणि खाली गवत. मधे एक अरुंद, उंच मनोरा, मागाहून घुसवलेला, म्हणून दोन्हीकडच्या भिंतींशी त्याचं कधी जुळलंच नाही. मनोऱ्यापलीकडचा वेदीचा भाग मात्र शाबूत आहे, छप्पर धरून. त्याच्या पूर्वेच्या भिंतीत एक खिडकी आहे. पाच उंच निमुळते खण, आणि वर ते पाचही खण दगडाच्याच बारीक फांद्या होऊन एकमेकांत शिरतात. दगड इतका बारीक कोरलाय की धक्का लागेल या भीतीने मी अजूनही तिथे श्वास धरून काम करते. टोकदार कमानीचं मला पहिल्यापासून वेड आहे. अर्धगोल कमान भार वाहते आणि वाहते आहे हे दिसतं. टोकदार कमान तोच भार घेऊन वर बघते. कॉलेजात मी हे वाक्य परीक्षेत लिहिलं होतं आणि सरांनी शेजारी लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं होतं.

आईला खिडकीचं काही वाटलं नाही. ती मनोऱ्याखालच्या घुमटीकडे मान वर करून बघत राहिली. इथल्या जुन्या बांधकामात घुमटी बांधताना खाली वेताच्या चटयांचा आधार देत. चटया काढून घेतल्या तरी चुन्यात त्यांची वीण उमटून राहते. आई म्हणाली, आपल्या कुडाच्या भिंतीवानीच हाय की. मी म्हटलं, तसंच आहे. आल्यापासून पहिल्यांदा तिला काहीतरी ओळखीचं भेटलं होतं. मग ती रोज माझ्याबरोबर येऊ लागली. साडीवर जाड जाकीट, पायात मोजे आणि नवऱ्याचे जुने बूट, हातात थर्मास. दक्षिणेच्या भिंतीत पाद्र्यांसाठी कोरलेल्या तीन दगडी बैठका आहेत, प्रत्येकीवर नक्षीदार कमान. मधल्या बैठकीवर उशी टाकून आई बसायची. मोठ्या बाई म्हणाल्या, आमच्या बिशपांपेक्षा तिला ती शोभते.

उत्तरेच्या भिंतीशी एक थडगं आहे. काळसर चुनखडीची मोठी पेटी आणि वर शेजारी शेजारी झोपलेले नवरा-बायको, दगडाचेच. तो चिलखतात, कमरेला तलवार. ती लांब झग्यात, डोक्यावर दोन टोकांचं शिरोभूषण, हात छातीवर जोडलेले, पायाशी एक कुत्रं. पेटीच्या बाजूंवर कोनाड्यांत येशूचे शिष्य उभे आहेत. कुणाच्या हातात करवत, कुणाच्या हातात सुरा, एकाच्या खांद्यावर त्याचीच सोललेली कातडी. ज्याला ज्या हत्याराने मारलं ते त्याने हातात धरायचं, अशी ती पद्धत. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आपल्या देवांच्या हातात राक्षसाला मारायची हत्यारं असत्यात, यांच्या हातात सोताला मारल्याली. आणि मग कितीतरी वेळ ती त्या बाईकडेच बघत राहिली. झग्याच्या चुण्या कोरणाऱ्याने अशा पाडल्या आहेत की एक वर नाही, एक खाली नाही. आई म्हणाली, निऱ्या चांगल्या बसवल्यात. मग तिने विचारलं, ही नवऱ्याच्या आधी गेली का मागनं?

कडेला लॅटिनमध्ये अक्षरं कोरलेली आहेत. मी वाचून सांगितलं की बाई आधी गेली, तो बराच मागे राहिला. आई हं म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी तिने डब्यातला शिरा सगळा खाल्ला, म्हणून मी मनातल्या मनात त्या दगडी बाईचे आभार मानले.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. एका दुपारी मोठ्या बाई आणि मी मनोऱ्याच्या परांचीवर होतो, आई खाली एकटी. दुसऱ्या दिवशी सकाळी थडग्याचं काम घ्यायचं होतं. त्या झग्याच्या खोल चुण्यांत पूर्वीच्या रंगाचे कण अजून अडकलेले आहेत. ही थडगी आज काळी दिसतात, पण करताना ती रंगवलेली असत. ते कण शोधायचे तर दिवा बाजूने तिरका धरायचा आणि भिंग लावून तसूतसूने सरकायचं. मोठ्या बाई डोक्याकडून सुरू झाल्या आणि थांबल्या. त्यांनी मला बोलावलं. दगडी बाईच्या कपाळावर लाल होतं.

मी वाकले. भिंगाची गरजच नव्हती. मधोमध टेकवून दोन्हीकडे ओढलेला, भुवईपासून भुवईपर्यंतचा भरघोस पट्टा, आणि त्याच्या कडेने पिवळं. नाकाच्या तुटक्या शेंड्यावरही जरासं सांडलेलं. असं कपाळ मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. सवाष्ण बाई मेली की बाकीच्या सवाष्णी तिला न्हाऊ घालून, नवी साडी नेसवून तिचा मळवट भरतात, तो हा. हळद आधी, मग कुंकू.

मोठ्या बाई मात्र गावातल्या पोरांवर घसरल्या. हे कालचं आहे, त्या म्हणाल्या, ओल अजून धरलेली आहे, आणि शेजारीच सहाशे वर्षांचा खरा रंग. कौन्सिलला कळवायला त्यांनी फोन काढला. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तोवर आई आपल्या बैठकीवरून उठून आली. तिला इंग्रजी येत नाही, पण रागावलेला आवाज कुठल्याही भाषेत कळतो. तिने दगडी बाईकडे बोट केलं, मग तेच बोट स्वतःच्या छातीला लावलं. "म्या लावलं," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी फोन खाली घेतला. मी मात्र आईवर तुटून पडले. तुला सांगितलं होतं हात लावायचा नाही, किती जुना दगड आहे, हळद दगडात शिरली तर निघत नाही, माझी नोकरी आहे ही, तुला काही कळतं का. मी आणखीही पुष्कळ बोलले. जीभ कुणाच्या बापाचं ऐकत नाही माझी. आईने ते सगळं ऐकून घेतलं. तिच्या हातात हळदीकुंकवाचा पितळेचा एक लहान करंडा होता. तो मी ओळखला. ताईचा होता.

"थोरलीला लावू दिलं न्हाई मला," आई म्हणाली.

आणि मग तिथे, त्या थडग्याशी उभ्याउभ्या, जे मी इतके महिने मागत होते ते तिने सांगितलं. ताईला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली. तिचे केस आईनेच विंचरले, तेवढं करू दिलं. मग ओटी भरायची वेळ आली. बायका पुढे झाल्या. आईही करंडा घेऊन पुढे झाली, तिच्या लक्षातच नव्हतं. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकीच्या कपाळाला हात लावताना आपण विधवा आहोत हे कुठल्या आईच्या लक्षात राहील? तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईने तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, विहीणबाई, तुमी नगा. वाईट बोलली नाही, मायेनेच बोलली. ताईच्या सासूबाईंनी मळवट भरला. त्या बिचाऱ्या इतक्या रडत होत्या की त्यांचा हात थरथरत होता.

"वाकडं लागलं व्हतं गं," आई म्हणाली. "नाकावर सांडलं व्हतं. म्या भिंतीपासनं बगत व्हते. कुनी सारखं बी केलं न्हाई. तशीच उचलली."

ती रडायला लागली. मला वाटायचं की ती रडली की मला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही. ताई तशीच गेली, कपाळावरचं वाकडं घेऊन, आणि आता तो चेहरा माझ्याही डोळ्यांसमोर कायमचा आला. मी मागितलं होतं ते मला मिळालं होतं.

आईने पुढे सांगितलं की सासूबाईंनी नंतर आठवण म्हणून तो करंडा तिला दिला, आणि ती तो सगळीकडे बरोबर वागवत होती. ही बाईबी नवऱ्याच्या आधी गेल्याली, ती म्हणाली, हितं कुनी मनगट धराय नव्हतं.

मोठ्या बाई उभ्याच होत्या. त्यांना सगळं इंग्रजीत सांगावं लागलं. सांगताना मला लाज वाटत होती; आईची नाही, त्या म्हाताऱ्या बाईची, माझ्या गावाची. मोठ्या बाईंच्या लोकांत माणूस गेलं की घरात शवपेटी उघडी ठेवतात, गल्लीतली पोरंसोरंसुद्धा येऊन कपाळाला हात लावून जातात. त्यांनी मला एकच विचारलं. "आईलाही नाही?" मी म्हटलं, आईलाही नाही.

पण पुसायला तर हवंच होतं, आणि आजच, ओलीबरोबर रंग आत ओढला जाण्याआधी. ते मलाही मान्य होतं. तेच माझं काम आहे. त्यांनी कापसाचे बोळे आणि शुद्ध पाण्याची बाटली काढली, आणि मग खूप हळुवारपणे म्हणाल्या की आईला हवं असेल तर तिनेच पुसावं, त्या तिला शिकवतील, बोळा घासायचा नाही, नुसता फिरवायचा. त्यांना वाटलं, आपण तिला काहीतरी परत देतोय. मी आईला सांगितलं. ती दोन पावलं मागे सरली.

"सवाष्णीचं कुंकू पुसाय लावतीस मला?"

हे मला इंग्रजीत आणता आलं नाही. तिचे हात कापतायत, एवढंच मी मोठ्या बाईंना सांगितलं आणि बोळा हातात घेतला.

या कामात मी पुष्कळ काही पुसलंय. कबुतरांची घाण, शेवाळ, मेणबत्त्यांचं मेण, कुणा प्रेमवीरांनी लिहिलेली नावं. त्या दिवशीसारखा हात कधी जड झाला नव्हता. बोळा कपाळावर फिरवायचा, लाल झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. दगड गार होता. मी ताईच्या कपाळाला शेवटचा हात लावू शकले नव्हते, आणि आता लावत होते तो हा असा. आई मनोऱ्याकडे तोंड करून उभी राहिली होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. लाल सगळं निघालं. पिवळ्याची जराशी झाक दगडाच्या छिद्रांत राहिली. ती राहील, मोठ्या बाई म्हणाल्या, आपण नोंद करू. लाल बोळे त्यांनी एका डब्यात भरले आणि तो डबा गाडीत ठेवायला त्या बाहेर गेल्या. मला वाटतं, आम्हाला एकटं सोडायला गेल्या.

आई तेव्हा जवळ आली. पाचही खणांतून उजेड येत होता आणि दगडी बाईचं कपाळ धुतल्यामुळे आजूबाजूच्या दगडापेक्षा लख्ख दिसत होतं.

"आता माझ्यागत दिसाय लागली," ती म्हणाली.

मला ते सहन झालं नाही. मी तिच्या हातातून करंडा घेतला, झाकण काढलं आणि बोट कुंकवात बुडवलं. मला काही सुधारणा करून दाखवायची नव्हती, रूढीबिढीवर भाषण द्यायचं नव्हतं. त्या क्षणी तिचं ते रिकामं कपाळ मला बघवेना, इतकंच. मी बोट तिच्या कपाळाजवळ नेलं. तिने माझं मनगट धरलं. माझ्या आईच्या हातात इतका जोर उरलाय हे मला माहीत नव्हतं.

"नगं," ती म्हणाली. "एक लेक गेली माजी. माजं कपाळ तुज्या बोटाला नगं."

मी तिला पुष्कळ सांगून पाहिलं. असं काही नसतं, बाबांच्या जाण्यात तुझा काय दोष, ताईच्या जाण्यात तुझा काय दोष. तिने ऐकलं, पण मनगट सोडलं नाही. पदराचं टोक घेऊन ती माझं बोट पुसू लागली, पण मधेच थांबली. कुंकू पुसायचं नसतं. मग तिने माझाच हात वळवून माझ्या कपाळाकडे नेला आणि सोडून दिला. तुजं तू लाव, ती म्हणाली.

मी लावलं. तिला हवं होतं म्हणून लावलं. आरसा नव्हता. आई एक पाऊल मागे झाली आणि मान तिरकी करून माझ्या कपाळाकडे बघू लागली.

"वाकडं लागलंय," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर कपाळ पुढे केलं. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले आणि तिथूनच मला सांगत राहिली, जरा डावीकडं, अजून जरा, आता वर. मी बोटाने सारखं करत राहिले.